एक वाडा, तीन दारं

‘माझं दार वेगळं हवं!’ आईने डिक्लेअर केलं. विषय फ्लॅटचा नव्हता, वेबसाइटचा होता.

झालं असं, की बँकेतून रिटायर झाल्यावर आईने फराळाच्या ऑर्डर्स घ्यायला सुरुवात केली. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट, म्हणजे पोर्टफोलिओ मस्ट. त्यात दादाचे वीकएन्ड ट्रेक्स. साइट तिघांना हवी, खर्च कुणालाच नको. मग आमच्या आडनावाचं एकच डोमेन घेतलं आणि फायरबेसवर एकच प्रोजेक्ट उघडला. (गुगलने 2014 मध्ये विकत घेतलेलं, तेच ते फायरबेस.) तिथे एका प्रोजेक्टमध्ये 36 पर्यंत साइट्स ठेवता येतात. आम्हाला तीनच पुरे होत्या!

फंडा सोपा आहे. जुना पुणेरी वाडा आठवा. वाडा एक, बिऱ्हाडं तीन. सबडोमेन म्हणजे प्रत्येकाचं दार. डोमेनच्या डीएनएस सेटिंग्जमध्ये प्रत्येक सबडोमेनची नोंद टाकायची, एसएसएल सर्टिफिकेट फायरबेस स्वतःच देतं. कुठलं फोल्डर कुठल्या साइटवर जाणार, ते कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘टार्गेट’ म्हणून लिहायचं. डिप्लॉय करताना फक्त आपलं टार्गेट सांगितलं, की शेजारच्या साइटला धक्काही लागत नाही. ब्राउझरसुद्धा ही दारं वेगळी मानतो. एकीकडे केलेलं लॉगइन दुसरीकडे आपोआप चालत नाही.

आई खूश, मी जाम खूश. त्याच महिन्यात मी कोथरूडचं घर सोडून बाणेरला मैत्रिणीसोबत राहायला गेले होते. आई त्यावर एक शब्द बोलली नव्हती. तिच्या न बोलण्याचं टेन्शन मात्र मला सॉलिड होतं.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या साइटचा कॉन्टॅक्ट फॉर्म बंद पडला. रात्रीचा दीड वाजलेला, डेडलाइन डोक्यावर. मी सिक्युरिटी रूल्स उघडले आणि ‘कुणीही काहीही वाचा-लिहा’ असा नियम टाकून झोपून गेले. फॉर्म चालू झाला ना, बस्स!

काही दिवसांनी फायरबेसचा वॉर्निंग मेल आला. दादाने तो वाचला आणि मला फोन केला, ‘अगं, डेटाबेस तिघांचा एकच आहे. आईच्या कस्टमर्सचे पत्ते, फोन नंबर, सगळं उघडं आहे!’

माझे हातपाय गार पडले. नियम पाच मिनिटांत बदलला. मधल्या काळात कुणी काही पाहिलं का, ते कळायला मार्ग नव्हता. गप्प बसता आलं असतं. पण आईने वही काढली आणि एकेका कस्टमरला फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यातल्या कित्येक आज्या एकट्या राहणाऱ्या. दोन ऑर्डर्स कॅन्सल झाल्या. मी शेजारी मान खाली घालून बसले होते.

‘दारं वेगळी करून काय उपयोग?’ आई म्हणाली, ‘पाण्याची टाकी एकच होती ना!’

मॅनेजमेंटच्या पुस्तकात मला हे इतकं नीट सापडलं नसतं. एकमेकांशी संबंध असलेल्या साइट्स एका प्रोजेक्टमध्ये जरूर ठेवा. पण ज्यांचा डेटा आणि जबाबदारी वेगळी, त्यांचा प्रोजेक्टही वेगळाच हवा. आता आईचा स्वतंत्र प्रोजेक्ट आहे. डोमेन तेच, सबडोमेन तेच, टाकी मात्र तिची. मला तिथे ॲक्सेस नाही!

नवा सेटअप पूर्ण झाला त्या रात्री मी बाणेरला निघाले. आईने चकलीचा डबा हातात दिला.

‘वेगळं राहायचं तर नीट वेगळं राहा,’ ती म्हणाली. ‘आणि रविवारी जेवायला ये.’