जिथे माणूस नाही तिथला पाऊस

आषाढात वेल्ह्याच्या पुढे केळद गाठलं आणि मढे घाटाच्या कड्यावर उभं राहिलं, तर खालचं कोकण नाहीसं झालेलं असतं. दरीतून चढणारा वारा कड्यावरून सुटलेल्या पाण्याचे तुषार पुन्हा वर आणून टाकतो. शनिवार-रविवारी इथे पुण्याहून आलेल्यांची झुंबड असते. पण बुधवारी दुपारी, कोणीही नसताना, पाऊस तेवढाच पडत असतो. पुढे श्रावणात सडे तेरड्याने गुलाबी होतात, भाद्रपदात रायरेश्वराच्या पठारावर सोनकी पसरते. त्या फुलांपैकी बहुतेकांवर माणसाची नजर कधीच पडत नाही.

इथे मला नेहमी बायबलमधला ईयोब आठवतो. मुलंबाळं, गुरंढोरं, धडधाकट शरीर, सगळं गमावून बसलेला हा माणूस देवाला जाब विचारतो. शेवटी देव वादळातून बोलतो, पण दुःखाचं कारण सांगत नाही. उलट त्यालाच विचारतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, आणि जिथे मनुष्यवस्तीच नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो? शब्बाथ शाळेत हे ऐकलं तेव्हा हे उत्तर मला निष्ठुर वाटलं होतं. तोरण्याच्या कातळाला हात लावल्यावर तेच वेगळं ऐकू येतं. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा. माणूस जन्माला येण्याआधी कोट्यवधी पावसाळे त्याच्यावरून वाहून गेले. दाद द्यायला कोणी नव्हतं, हात जोडायला कोणी नव्हतं, तरी देणाऱ्याने हात आखडता घेतला नाही. न कमावलेलं, पात्रता न पाहता आलेलं देणं म्हणजे कृपा, हे प्रवचनांत अनेकदा ऐकलं आहे. ते पटलं मात्र या कड्यावर.

मराठी ख्रिस्ती माणसाला सृष्टीत कृपा पाहण्याची ही नजर कोणी दिली, असं विचारलं तर माझ्या मनात पहिलं नाव येतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. करजगावात १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवी म्हणतो. 'वनवासी फूल' नावाची दीर्घ कविताच त्यांनी लिहिली, आणि नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबऱ्यांसारखा निसर्गवेडा मुलगा घरचा होऊन राहिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक सांगत. या सांगण्याचं मोल मला फार वाटतं. भंडाऱ्याच्या डोंगरावर झाडांच्या संगतीत बसलेला तुकोबा आणि रानफुलांकडे बोट दाखवून चिंता सोडा म्हणणारा येशू, दोघांनाही एकाच माणसाच्या मनात जागा मिळाली. त्याआधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराणा'त सृष्टीच्या उत्पत्तीची कथा ओवीत बांधली होतीच. पण आम्ही 'उपासना संगीत' उघडून रविवारी गातो ती भक्ती टिळकांच्या मातीतली आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. भोरच्या दक्षिणेला, नीरेपलीकडे, तो सातारा.

ही ख्रिस्ती नजर येण्याआधीही भोर-वेल्ह्याचे डोंगर काही रिकामे नव्हते. तोरणा गडावर मेंगाई आहे, रायरेश्वरावर महादेव आहे, देवरायांत कुऱ्हाड न चालवण्याचा धाक आहे. त्या श्रद्धेवर माझा अर्थ लादायची मला इच्छा नाही. डोंगर माझ्यासाठी देव नाही, देवाने केलेला आहे. पण पावलं सांभाळून टाकायला मी इथल्या माणसांकडूनच शिकलो.

आणि केवळ सुंदर म्हणून हा मुलूख पाहिला तर त्यातलं अर्धंच दिसतं. भाताचं बघा. चैत्र-वैशाखात शेतकरी जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतो. मृग लागला की त्या काळ्या राखेत बी पडतं. हिरवंगार रोप हातभर होतं न होतं तोच ते मुळासकट उपटतात, मुठी बांधतात, आणि चिखलणी केलेल्या खाचरात पुन्हा रोवतात. ही आवणी. कंबरेत वाकलेल्या बाया पाठीवर पाऊस घेत दिवसभर मागे मागे सरकत असतात. पूर्वी डोक्यावर इरलं असे, आता प्लास्टिकचा कागद. उपटलेलं रोप दोन-चार दिवस पिवळं पडून मान टाकतं, मग धरतं. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे येशूचं बोलणं योहानाने नोंदवलं आहे. ते यहूदियातल्या गव्हाबद्दल होतं. वेल्ह्यात भाताला एकदा राखेत आणि एकदा चिखलात, असं दोनदा सगळं सोडावं लागतं. कारवीचंही तेच. सात वर्षं नुसती पानं, मग एका पावसाळ्यात सगळा उतार जांभळा, मधमाश्यांचा नुसता गजर, आणि बी धरून झाड वाळून जातं. क्रूस आणि पुनरुत्थान यांचा अर्थ मी इथे शोधतो तो फुलांच्या आधी या मरणात.

माणसांनाही असंच उपटलं गेलं आहे. वेळवंडी नदीवरचं भाटघरचं आजचं धरण १९२०च्या दशकातलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं आणि तिथली कोरडी रानं पिकतात. उन्हाळ्यात जलाशय आटला की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. लोक फोटो काढायला जातात. मला त्या देवळाभोवती नांदलेली गावकी दिसते, आणि ज्यांची खाचरं तळाला गेली त्यांचे नातू. देव चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच पाऊस पाडतो, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. अडवलेल्या पाण्याची वाटणी मात्र आपण करतो, आणि तिचा जाब आपल्याला द्यावा लागेल. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हे ओळखलं होतं. बायबल सुबोध मराठीत आणणारा हा धर्मगुरू हरित वसईसाठी, तिथल्या बागा आणि पाणी वाचावं म्हणून, रस्त्यावर उतरला. सृष्टीवर प्रेम करणाऱ्याला तिच्यासाठी भांडता यायला हवं.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण होतो. धान्य, भाज्या, नारळ वेदीपुढे ठेवतात, उपकारस्तुती होते, मग लिलाव. प्रार्थनेत 'पीक' आणि 'पाऊस' एवढेच शब्द येतात, नाव कुणाचंच नसतं. १०४ वं स्तोत्र रचणाऱ्याने तसं केलं नाही. त्याने लबानोनचे गंधसरू, करकोचे, रानबकरे, आपल्या मुलखातलं सगळं नावानिशी देवापुढे मांडलं. म्हणून मी पाळकसाहेबांना म्हटलं, यंदाच्या उपकारस्तुतीत नीरा, गुंजवणी, कानंदी यावी, कारवी आणि शीळ घालणारा कस्तूर यावा, आवणी करणाऱ्या बाया याव्यात, आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेली खाचरंही यावीत. ते म्हणाले, लिहून आणा. नद्यांपर्यंत लिहून झालं आहे; त्या खाचरांविषयी काय मागायचं, ते तिथल्या माणसांना विचारून लिहीन.