पत्ता नसलेलं घर

घरचा संगणक बाहेरून उघडायचा म्हटलं की बहुतेक जण ब्रॉडबँडच्या वेगाला दोष देतात. माझ्या मते अडचण वेगाची नाही, पत्त्याची आहे. पडद्यावरचं चित्र पाठवायला पाच-दहा एमबीपीएस अपलोड पुरतो आणि फायबरवर तो सहज मिळतो. पत्त्यांचं मात्र तसं नाही. आयपीव्ही४चे पत्ते मुळात सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११मध्येच तळाला गेला. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर समजावं की बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते. मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट करा, राउटर ढिम्म.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे जादा पैसे भरून स्थिर आयपी घ्या. त्यानं काम होतं, पण तो पत्ता साऱ्या जगाला खुला असतो. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर वाट पाहतं आणि असे उघडे पोर्ट धुंडाळणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. २०१९मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीमुळे जुन्या विंडोजमध्ये पासवर्डाविना शिरता येत होतं. पोर्टचा आकडा बदलणं म्हणजे कुलूप तेच ठेवून दारावरची पाटी हलवणं. त्यापेक्षा घरच्या संगणकानंच बाहेर हाक द्यावी, हे मला पटतं. वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलवर चालणारं टेलस्केल तेच करतं; दोन्ही यंत्रं आतून जोडणी करतात, राउटरला हात लावावा लागत नाही. (गंमत म्हणजे तेही यंत्रांना याच १००.६४च्या पट्ट्यातले पत्ते वाटतं.) इथंही मध्यस्थ आलाच की, असं कोणी म्हणेल. आला, पण त्याचं काम यंत्रांची ओळख करून देण्याचं. खासगी किल्ली आपल्या यंत्रातच राहते, त्यामुळे मजकूर त्याला वाचता येत नाही. टेलस्केलचं खातंच चोरीला गेलं तर मात्र परकं यंत्र आपल्या जाळ्यात घुसू शकतं, तेव्हा त्यावर ओटीपीचं दुसरं कुलूप हवंच.

उरतो आपल्याकडचा खरा शत्रू, म्हणजे वीज. लाइट जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते. ती चालू करा, झोपेची सेटिंग बंद करा. आणि गावाला निघण्याआधी मोबाइल डेटावरून एकदा जोडून पाहा. घरच्या वायफायवर घेतलेली चाचणी धरू नका.