चिमीचे दात

चिमी चार महिन्यांची असताना केर काढता काढता आईला तिचा दुधाचा दात सापडला, तांदळाच्या कणीएवढा. मांजरांचे दुधाचे दात २६. ते पडून सहा-सात महिन्यांपर्यंत ३० पक्के दात येतात. पडलेले दात पिल्लं बहुधा गिळूनच टाकतात, त्यामुळे हाती लागलेला तो दात आईने शिवणाच्या डब्यात जपून ठेवला.

आमचं घर ठाण्याला. बुधवारी मांदेली आली की चिमी दारातच पायात घुटमळायची. सात वर्षांची झाली आणि तिचं खाणं बिघडलं. भूक होती, बशीकडे धावत यायची, घास उचलायची आणि एकदम मान झटकून तो टाकून द्यायची. मग पंजाने गाल खाजवत कपाटाखाली जाऊन बसायची. अंग चाटणं थांबलं, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लाडावलीय." आई म्हणाली, "नाही, तिचं तोंड दुखतंय."

डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून दाखवला. दाढांच्या मुळाशी हिरडी लालभडक झाली होती. भूल देऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं, तीन दाढा मुळापासून विरघळत चालल्या होत्या. मांजरांमध्ये हा आजार बराच आढळतो. अशी दाढ भरून वाचत नाही, काढावीच लागते.

"काढल्यावर ही खाणार काय?" आईने विचारलं.

"काकू, मांजर आपल्यासारखं चावत बसत नाही. तोडतं आणि गिळतं. दुखणारी दाढ गेली की बघा कशी खाते!"

दोन आठवडे मऊ, कालवलेलं खाणं दिलं. टाके विरघळले, आणि एका सकाळी चिमी खिडकीत बसून पाठ चाटताना दिसली. मला तेवढं पुरे होतं.

उरलेल्या दातांची काळजी आईने स्वतःकडे घेतली. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो, मग तो घासून निघत नाही. म्हणून रोज रात्री बोटाला मलमलीचं फडकं गुंडाळून, प्राण्यांसाठीची पेस्ट लावून ती दात पुसायची. आपली टूथपेस्ट कधीच नाही. मांजराला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं, आणि त्यातलं फ्लोराइड त्याला बाधतं. सुरुवातीला चिमी फिस्कारायची. पुढे पेस्टची चव आवडली आणि फडकं दिसलं की आपणहून मांडीवर यायची.

ती सोळा वर्षं जगली. शेवटी मूत्रपिंडं थकली, पण अखेरच्या महिन्यापर्यंत मांदेली तिने मिटक्या मारत खाल्ली.

तुमच्या घरी मांजर असेल तर आठवड्यातून एकदा त्याचा ओठ हळूच वर करून बघा. हिरडीच्या कडेला लाल रेघ, तोंडाला घाण वास, एकाच बाजूने खाणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. ते खायचं थांबेपर्यंत वाट पाहू नका; दात दुखत असतानाही मांजर बरेच दिवस खात राहतं.