कार्ड रुसलं

बेंबळी, रविवार. भाच्याचं पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमयंत्र, आज मेमरी कार्ड वाचेना. लाइट नव्हती, बॅटरी संपत आलेली, तरी गडी खेळतच होता. सेव्ह होताना केशरी दिवा लुकलुकतो. नेमकं तेव्हाच यंत्र बंद पडलं की कुठली फाइल कार्डावर कुठे आहे ते सांगणारा फॅटचा तक्ता अर्धवट राहू शकतो. सातबारा फाटला, रान जागेवरच.

“मामा, फॉरमॅट करू का?” अजिबात नाही! आधी संगणकावर कार्डाची हुबेहूब प्रत काढली, मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क हे फुकटातलं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं. फॅटच्या सहसा दोन प्रती असतात, हे बनवणाऱ्याचं शहाणपण. त्यातली धड प्रत वापरून सेव्हडेटा फोल्डर उघडलं. शर्यतीच्या गाड्या मिळाल्या, क्रिकेटचा अख्खा हंगाम गेला. भाचा जेवायला तयार नाही.