चढाला लागणारी ताकद

रॉयल एन्फिल्डची जुनी हिमालयन ४११ एक्स्चेंजला देऊन मी नवी ४५० घेतली, तेव्हा ओळखीतल्या बहुतेकांनी एकच विचारलं, "आता अजून किती जोरात जायचंय?" प्रश्न साहजिक आहे. साडेचोवीस हॉर्सपॉवरची गाडी जाऊन चाळीसची दारात उभी राहिली की कुणालाही आधी वेगच आठवणार. पण चारपदरी महामार्गावर मोटरसायकलला केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ८०ला माझी जुनी गाडी दिवसभर सुखाने चालायची. वेगासाठी ती बदलायचं काहीच कारण नव्हतं. मला ताकद हवी होती ती चढासाठी, आणि चढाशी माझी ओळख आईच्या लूनापासूनची आहे.

आई प्राथमिक शिक्षिका. घर साताऱ्यात आणि शाळा यवतेश्वरच्या वर, कासच्या वाटेला. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी कधी जुळल्या नाहीत, म्हणून तिने लूना घेतली. कायनेटिकने ही गाडी १९७२ साली आणली होती. पन्नास सीसीचं इंजिन, पेट्रोलमध्ये मापाने मिसळायचं ऑइल आणि पायडल. साताऱ्यात त्या काळी लूनावरून जाणारी बाई म्हणजे बहुधा शिक्षिका किंवा नर्स असायची. आई पदर खोचून, डबा आणि वह्यांची पिशवी पुढे अडकवून निघायची. शनिवारी सकाळची शाळा असली की मीही मागे बसायचे.

सातारा शहर संपतं आणि यवतेश्वरचा घाट लगेच उभा राहतो, गाडीला दम धरायला सपाटीच मिळत नाही. पहिल्या चढावर लूनाचा आवाज बारीक होत जायचा. आई पायडल मारायला लागायची आणि मान न वळवता म्हणायची, "उतर गं." मी उतरायचे. ती एकटी वर जायची, पुढच्या वळणाला कडेला थांबायची आणि मी चालत तिथे पोहोचायचे. मग पुन्हा थोडं बसायचं, पुन्हा उतरायचं. मला यात कधी वाईट वाटलं नाही. करवंदाच्या दिवसांत तर मी मुद्दाम रेंगाळायचे. मागच्या माणसाने उतरायचं असतं, एवढं मात्र तेव्हाच मनात पक्कं बसलं.

पुढे गिअरची गाडी शिकले ती दादाच्या स्प्लेंडरवर, जिल्हा परिषदेच्या मैदानात. कॉलेजात कायनेटिक होंडा, नोकरीला पुण्यात आल्यावर एक साधी स्कूटर. पंधरा-सोळा वर्षं मी गाडीकडे कामाची वस्तू म्हणूनच पाहिलं. हिमालयन आली २०१८मध्ये. दोन वर्षं ती रस्त्यावर दिसत होती. बुलेटसारखी क्रोमची झळाळी तिला नव्हती. पुढे एकवीस इंची उंच चाक, टाकीच्या दोन्ही अंगांना लोखंडी रॅक, अंगाने सडसडीत. शोरूममध्ये बसून पाहिली. सीटची उंची ८०० मिलिमीटर. माझ्या दोन्ही पायांचे चवडे टेकले आणि तिथेच माझं ठरलं.

त्या गाडीवर मी सह्याद्री पहिल्यांदा नीट पाहिला. वरंध, आंबोली, कुंभार्ली हे घाट आधी एसटीच्या खिडकीतून पाहिलेले होते. आता भर पावसात ते माझ्या हाताखालून जाऊ लागले. ताकद बेताची असली की रस्ता वाचावा लागतो. पुढे ट्रक आहे, चढ किती लांब आहे, वळणापलीकडे मोकळं आहे का, आत्ता गिअर पाडावा की थांबावं, हे सगळं वेळेआधी ठरवायला लागतं. चुकून घुसायला ती गाडी वावच द्यायची नाही. मला घाटात गाडी चालवता येते असं मी आज म्हणू शकते, ते त्या साडेचोवीस हॉर्सपॉवरमुळे.

विश्वास म्हणजे काय, हे मी त्या गाडीच्या बारीक गोष्टींतूनच सांगू शकते. माझे पंजे लहान, म्हणून क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवून घेतलेले. मागचा शॉक एकटी असताना एका खाचेवर, मागे माणूस आणि सामान असलं की दोन खाचा वर. चेनचा ढिलेपणा मी बोटाने पाहायचे. डबल स्टँडवर गाडी लावायची, चेनचा खालचा पदर मधोमध वर उचलायचा, आणि तो किती उचलला गेला की बरोबर, हे बोटाला पाठ झालेलं. रविवारी सकाळी केरोसीन, जुना टूथब्रश, फडकं घेऊन बसायचं, एकेक कडी पुसायची, मग ऑइल सोडून चाक हाताने फिरवायचं. पानाने स्पोक हलके वाजवत जायचं, एखादा बद्द बोलला की तो ढिला. मापाने शिवून घेतलेल्या ब्लाउजसारखी ती गाडी मला बसली होती.

हे सगळं असूनही ती दिली, त्याचं कारण कुंझुम.

हिमाचलमधल्या स्पितीत आम्ही किन्नौरच्या बाजूने शिरलो. नाको, ताबो, काझा करत लोसरला आलो. लोसरच चार हजार मीटरच्या वर आहे आणि तिथून पुढची ‘कुंझुम ला’ ही खिंड साधारण ४,५५० मीटरवर. नवरा मागे, दोन्ही अंगांना बॅगा, रॅकला पेट्रोलचा कॅन. वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारी ओढ्यांना चढतं, म्हणून सकाळी लवकर निघालो होतो. रस्ता म्हणजे माती आणि सुटी खडी. एका वळणावर ओढ्याने कड खाल्लेली, चढ उभा. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण. इंजिन चालू होतं, एकसारखं चालू होतं, पण दोघांना आणि सामानाला उचलत नव्हतं. नवरा काही न बोलता उतरला. मी एकटी वर गेले, पुढच्या वळणाला गाडी लावली आणि मागे वळून पाहिलं. त्या उंचीवर दहा पावलं चाललं तरी छाती भरून येते. तो चार पावलं चालायचा, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा, पुन्हा चार पावलं. यवतेश्वरला मी कायम खालून वर चालत येणारी होते. वर थांबलेल्या माणसाला काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. आईला ते रोज वाटत असणार. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

गाडीचा यात काही दोष नव्हता. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के उरतो. इंजिनात पेट्रोल जळतं ते हवेतल्या ऑक्सिजनवर. फ्युएल इंजेक्शनमुळे हवेच्या मानाने पेट्रोलही बेताने सोडलं जातं, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाड्यांसारखी ती तिथे गुदमरत नाही. पण जी हवा मुळात नाही ती इंजेक्शन कुठून आणणार? साडेचोवीसचे चौदा हॉर्सपॉवर उरतात, आणि त्यावर दोन माणसं, सामान, सुटी खडी. घरी आल्यावर मी हा हिशेब कागदावर मांडला होता. नोव्हेंबर २०२३मध्ये ४५० आली तेव्हा तोच कागद काढला. चाळीसचे ५७ टक्के म्हणजे तेवीसच्या आसपास. नवी गाडी कुंझुमवर जेवढी ताकद देईल, जवळपास तेवढीच जुनी गाडी समुद्रकिनारी देत होती. यापुढे मला दुसरं कारण नको होतं.

तरी वर्षभर मी थांबले. पहिली अडचण उंचीची. नव्या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर. वजन १९६ किलो, म्हणजे जुनीपेक्षा फारसं वेगळं नाही, पण चवडे अर्धवट टेकत असताना १९६ किलो फार जड वाटतात. तिला कमी उंचीची सीट मिळते, ८०५ला बसणारी. ती लावून पाहिली आणि प्रश्न मिटला. दुसरी अडचण मनाची होती, आणि तिच्यावर सीट मिळत नाही. चालती, धड, माझ्या हाताची गाडी द्यायची कशाला, असं रोज सकाळी किल्ली फिरवताना वाटायचं. दोन्ही ठेवणं परवडणारं नव्हतं, सोसायटीत जागाही एकाच गाडीची.

शेवटी दिली. देण्याआधी एक कागद लिहिला आणि सर्व्हिस बुकात घालून ठेवला. चेन किती ढिली ठेवावी, शॉक कुठल्या खाचेवर, लिव्हर का झुकवले आहेत, लांब हातांच्या माणसाने ते वर घ्यावेत, थंडीत चालू केल्यावर लगेच ॲक्सिलरेटर पिळू नये. कुणाच्या हाती ती जाणार ते मला माहीत नव्हतं. जो कोणी घेईल त्याने तो कागद वाचावा, एवढीच इच्छा होती.

एक गोष्ट मी हट्टाने केली आणि ती प्रत्येकाने करावी. नुसती किल्ली आणि आरसी देऊन मी घरी आले नाही. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून, सह्या करून, सगळ्याच्या प्रती ठेवल्या आणि आरटीओच्या नोंदीत नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, की गाडी विकून ती पुढे कितीही हातांत गेली, तरी नोंदीत ज्याचं नाव आहे त्यालाच कायद्याने मालक धरायचं आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावरच येते. दुसरं, विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट, आणि ती नव्या गाडीच्या विम्याला लावून घेता येते. जुन्या गाडीने अपघाताशिवाय मला एवढी वर्षं फिरवलं, त्याचा पैशातला हिशेब नव्या गाडीच्या विम्यात उतरला. मला ते फार बरं वाटलं.

नवी गाडी सरस आहे. क्लच इतका हलका की पुण्याच्या सिग्नलांना मनगट दुखत नाही. सहावा गिअर असल्यामुळे महामार्गावर इंजिन निवांत राहतं. खंबाटकीच्या चढावर दोन ट्रक शेजारी शेजारी सरपटत असतात आणि मधेच एक जण आत घेतो. जुनीवर ती फट दिसण्याआधीच गिअर पाडून तयार राहावं लागे. आता फट दिसली की हात किंचित वळवायचा, ट्रक मागे पडतो आणि मी पुन्हा माझ्या सत्तरवर येते. हाताशी शिल्लक असलेली ही ताकद मला सुरक्षित वाटते. मागे बसलेल्या माणसालाही तो फरक कळतो. नवरा आता ओव्हरटेक करताना माझा खांदा धरत नाही.

पण जुनीचं एक अंग नवीला नाही. जुन्या इंजिनात पिस्टनचा व्यास ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८६. स्ट्रोक असा लांब असला की इंजिन कमी फेऱ्यांवर, जवळजवळ चालण्याच्या वेगातही ओढत राहतं. नव्यात व्यास ८४ आणि स्ट्रोक ८१.५, त्यामुळे ते फेऱ्या मागतं. पूर्ण टॉर्क साडेपाच हजार आरपीएमला आणि पूर्ण ताकद आठ हजारांना. पावसात लाल मातीच्या पाणंदीतून, दगड चुकवत, हळू जायचं असेल तर मला आजही जुनीच जास्त सोपी वाटते. नवीवर क्लच अर्धा धरून फेऱ्या राखाव्या लागतात, आणि हे हाताला बसायला माझा अख्खा पावसाळा गेला. कानालाही नवा आवाज शिकावा लागला. आधी टॅपेटची टकटक ऐकून इंजिन गरम झालं की नाही ते कळायचं. आता पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर कान देऊन फारसं कळत नाही, गोल स्क्रीनवरचा आकडा पाहायचा. चेन मात्र तशीच आहे. रविवार सकाळ, केरोसीन, टूथब्रश. बोटाने पुन्हा मापं घेतली आहेत आणि आता ती जमू लागली आहेत. कुंझुमला ही गाडी अजून गेलेली नाही. जून-जुलैत रस्ता उघडला की जाईन.

मला विचारायला पोरी येतात. साताऱ्याच्या, कराडच्या, पुण्यात शिकायला आलेल्या. पहिलीच गाडी थेट मोठी घ्यावी का, म्हणून विचारतात. त्यांना मी सांगते, आधी कमी ताकदीची गाडी घ्या, दोन पावसाळे ती घाटात चालवा, स्वतःच्या हाताने चेन पुसा, आणि मग हवी ती घ्या. आणि त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे, की तेव्हा मुलीची उंची आणि गाडीचं वजन पुढे करू नका. सीट खाली घेता येते, वजन तोलायचं शिकता येतं. तुम्ही फक्त तिच्यासोबत आरटीओत जा आणि आरसीवर तिचं स्वतःचं नाव लागलं आहे ना, ते पाहा.