यादीत नसलेले तिघे

शंभर शतकं म्हटलं की आपल्याकडे पुढे नाव सांगावं लागत नाही. अमेरिकेत बेसबॉल बघणाऱ्या कुणालाही ७६२ म्हणून बघा, तोही नाव विचारणार नाही. बॅरी बॉन्ड्स. फरक एवढाच, की शंभर म्हणताना आपली छाती फुगते आणि ७६२ ऐकल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मग ‘हो, पण...’ म्हणतो.

७६२ म्हणजे बॉन्ड्सने कारकिर्दीत मारलेले होमरन. होमरन हा आपल्या षटकाराचा चुलतभाऊ, पण बराच दुर्मीळ. आयपीएलमध्ये एखादा गडी एका संध्याकाळी आठ षटकार मारून जातो. बेसबॉलमध्ये संघ वर्षाला १६२ सामने खेळतो आणि तेवढ्या सामन्यांत मिळून ज्याने तीस होमरन मारले, तो मोठा फलंदाज. बॉन्ड्सने २००१च्या एका हंगामात ७३ मारले. २००४ साली समोरचे संघ त्याला इतके टरकून होते, की त्यांनी १२० वेळा त्याला मुद्दाम चेंडूच खेळू दिला नाही, फुकटात पहिल्या बेसवर जाऊ दिलं. ७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने हँक आरनचा ७५५चा विक्रम मोडला. तरीही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो नाही.

त्या ‘पण’चा पत्ता सॅन फ्रान्सिस्को विमानतळाजवळच्या बर्लिंगेम गावातला आहे. तिथे बाल्को नावाची एक प्रयोगशाळा होती (आपली ॲल्युमिनियमवाली नव्हे). तिथून खेळाडूंना टीएचजी नावाचं स्टेरॉइड मिळायचं. ते अशा पद्धतीने बनवलं होतं की त्या वेळच्या कुठल्याच चाचणीत सापडायचं नाही. २००३ साली ॲथलेटिक्सच्या एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली, लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने त्यातलं द्रव्य ओळखलं आणि सगळं बाहेर आलं. बॉन्ड्सने ग्रँड ज्युरीसमोर सांगितलं, की ट्रेनरने दिलेलं आपण जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम समजून वापरलं. २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला. हॉल ऑफ फेमसाठी क्रीडापत्रकार मतदान करतात आणि ७५ टक्के मतं लागतात. २०२२ साली, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, त्याला ६६ टक्के मिळाली.

बॉन्ड्सने विक्रम मोडला तेव्हा मी सांगलीत पाचवीत होतो आणि बेसबॉल म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी हा खेळ बघायला लागलो २०२१च्या उन्हाळ्यात. मे महिन्यात सॅन होजेमध्ये माझं एमएस संपलं आणि नोकरी नव्हती. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १०७ सामने जिंकले, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. बेसबॉल जवळजवळ रोज असतो. दिवसभर अर्ज भरून नकाराचे ईमेल वाचलेल्या माणसाला संध्याकाळी पावणेसात वाजता काहीतरी नक्की सुरू होणार आहे, याचा किती आधार वाटतो हे सांगून कळणार नाही. स्टेडियम पूर्ण उघडल्यावर सगळ्यात वरचं, सगळ्यात स्वस्त तिकीट काढून कॅलट्रेनने गेलो. उजव्या भिंतीपलीकडे थेट खाडी आहे. लोक तिथे होड्या घेऊन होमरनचा चेंडू झेलायला थांबलेले असतात. बॉन्ड्सने त्या पाण्यात ३५ चेंडू टाकले आहेत. त्याचा २५ नंबर क्लबने २०१८ मध्ये कायमचा निवृत्त केला. म्हणजे जगासाठी आरोपी आणि या मैदानावर देव. कुठल्याही नव्या जायंट्स चाहत्याला या प्रश्नावर कधीतरी भूमिका घ्यावीच लागते.

नेहमीची भूमिका असते विक्रमाची. विक्रम पवित्र होता, बाटला. ज्या चेंडूवर बॉन्ड्सने ७५६वा होमरन मारला, तो मार्क एको नावाच्या फॅशन डिझायनरने ७,५२,४६७ डॉलरला विकत घेतला आणि त्याचं काय करायचं यावर इंटरनेटवर लोकांचं मत घेतलं. तसाच हॉल ऑफ फेमला द्यावा, चांदणीचं चिन्ह उमटवून द्यावा, की अंतराळात सोडून द्यावा? चांदणी जिंकली. विधानसभेत तारांकित प्रश्न असतो तसा तो तारांकित चेंडू आज हॉल ऑफ फेमच्या संग्रहात आहे. चेंडू आत, मारणारा बाहेर.

मला ही विक्रमाची हळहळ फारशी पटत नाही. पूर्वीही खेळ सोवळ्यात नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत ड्रेसिंग रूममध्ये ॲम्फेटामिनच्या हिरव्या गोळ्या सर्रास चालायच्या आणि बेसबॉलने त्यांच्यावर बंदी घातली ती थेट २००६ साली. शिवाय आरनचं काय बिघडलं? त्याचे ७५५ आहेत तिथेच आहेत, त्याचं नाव आहे तेवढंच मोठं आहे. मग या सगळ्यात नुकसान झालं ते कुणाचं?

याचं उत्तर मला स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमधल्या टॉम वर्दूची यांच्या २०१२च्या एका लेखात सापडलं. १९९४ साली फ्लोरिडात फोर्ट मायर्स मिरॅकल नावाचा संघ होता. मिनेसोटा ट्विन्सचा खालच्या फळीतला संघ, आपल्याकडच्या क्लब क्रिकेटसारखा समजा. त्यात उजव्या हाताने चेंडू टाकणारे चार पिचर होते, साधारण एका वयाचे, एकाच दर्जाचे. चौघेही एकत्र राहिले, एकत्र बसने फिरले. त्यातल्या एकाने, डॅन नॉल्टीने, स्टेरॉइड घेतली. त्याचं वजन वाढलं, चेंडूचा वेग वाढला आणि १९९६ मध्ये तो ट्विन्सच्या मुख्य संघात पोचला. १९९९ साली तो न्यूयॉर्क यांकीजकडे होता आणि त्या वर्षी यांकीज वर्ल्ड सिरीज जिंकले. पुढे त्याने स्वतःच सगळं कबूल केलं. उरलेल्या तिघांनी काही घेतलं नाही. ते तिघे मेजर लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत.

त्या तिघांच्या नावापुढे कुणी चांदणी लावणार नाही, कारण ज्या पुस्तकात चांदणी लावायची त्यात त्यांचं नावच नाही. २००७च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली. घेणाऱ्यांची यादी करता येते. ज्यांची जागा गेली त्यांची यादी कशी करणार?

ही जागा म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, तेही बघा. मेजर लीगच्या संघात २६ जण असतात. २०२५ मध्ये त्यातल्या शेवटच्या माणसालाही वर्षाला किमान ७,६०,००० डॉलर मिळत होते. त्याच्या एकच पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये, २०२३च्या करारानुसार किमान पगार ठरला ३५,८०० डॉलर. त्या पगाराला वीसने गुणलं तरी वरचा आकडा येत नाही. दोन खेळाडूंच्या कौशल्यात मात्र वीसपट फरक नसतो, कधीकधी ताशी तीन-चार मैलांचा असतो. स्टेरॉइडने चेंडू बॅटला लागत नाही, हे चाहते नेहमी सांगतात आणि ते खरं आहे. स्टेरॉइडने स्नायू लवकर भरून येतात, जास्त व्यायाम झेपतो, सहा महिने रोज खेळूनही ऑगस्टमध्ये अंगात जोर उरतो. बॉन्ड्सला त्याची गरज नव्हती, १९९३पर्यंतच तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. गरज होती ती २७व्या माणसाला. म्हणूनच बंदी आलेल्यांच्या याद्या उघडल्या तर त्यात मोठी नावं थोडी आणि खालच्या लीगमधली, कुणाला माहीत नसलेली पोरं भरपूर दिसतात.

हे वाचताना मला २०२१चा आमचा सॅन होजेचा फ्लॅट आठवत होता. एमएसनंतरच्या ओपीटीवर असताना एकूण ९० दिवस बेरोजगार राहता येतं, त्यानंतर गाशा गुंडाळायचा. आमच्या फ्लॅटमध्ये चौघे होतो, चौघांच्या डोक्यावर कर्ज. माझ्यासाठी बाबांनी सांगलीचं घर गहाण ठेवलं होतं. अशा वेळी एका कन्सल्टन्सीचा फोन येतो. ते तुमच्या रेझ्युमेत सहा वर्षांचा अनुभव घालतात, जुन्या प्रोजेक्टची नावं पाठ करून घेतात, पगारातला हिस्सा कापून घेतात. चौघांपैकी एकाने हो म्हटलं. रात्री भांडी घासताना तो मला म्हणाला, “अरे, फक्त आकडा बदलतोय. काम तर मलाच करायचंय ना?” त्याला दोन आठवड्यांत नोकरी लागली. मी नाही म्हटलं, आणि त्यात तत्त्वापेक्षा पकडले जाण्याची भीतीच जास्त होती. मला ८१व्या दिवशी नोकरी मिळाली, त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी पगाराची.

तो आज खरोखर उत्तम इंजिनिअर आहे. जालन्याला त्याच्या लग्नात मी नाचलो आहे. त्याच्यावर माझा राग नाही. पण एक गोष्ट आम्ही दोघंही इंजिनिअर असल्यामुळे आम्हाला नीट कळते. खोटे सहा वर्षांचे रेझ्युमे पुरेसे आले, की कंपनीला वाटतं बाजारात सहा वर्षंवाली माणसं मुबलक आहेत, आणि खरा नवखा रेझ्युमे न उघडताच बाजूला पडतो. नव्वदच्या दशकातल्या बेसबॉलमध्ये हेच झालं. सगळेच तीस मारायला लागले, की स्वतःच्या ताकदीवर अठरा मारणारा सुमार वाटू लागतो. प्रशिक्षक त्याला प्रेमाने सांगतो, “जरा वजन वाढव.” त्याला कळतं काय वाढवायला सांगितलंय.

आणि वरच्यांना हे माहीत नव्हतं? १९९४च्या संपामुळे वर्ल्ड सिरीज रद्द झाली, चाहते रुसले. १९९८ साली मार्क मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ होमरन मारले आणि रुसलेली गर्दी परत आली. त्याच उन्हाळ्यात मॅग्वायरच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला ॲन्ड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. ओरड झाली ती पत्रकाराच्याच नावाने. मेजर लीगमध्ये चाचण्या सुरू झाल्या २००३ साली, त्याही निनावी. पाच टक्क्यांहून जास्त खेळाडू सापडले तरच पुढच्या वर्षीपासून कारवाईची सोय होणार होती. तेवढे सापडले. या सगळ्या काळात खेळाचे कमिशनर होते बड सेलिग. ते २०१७ साली हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. मालकांनी कमावलं, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि हिशेब चुकता करायला बॉन्ड्सला दाराबाहेर उभं केलं. माझ्या मते त्याला आत घ्यावं आणि पाटीवर सगळं लिहावं, बाल्कोसकट. तो बाहेर राहिला म्हणून फोर्ट मायर्सच्या त्या तिघांना काही परत मिळत नाही.

मग चाहत्याने करायचं काय? माझ्यापुरता मी एक मार्ग काढला आहे, आणि तो जायंट्सच्याच इतिहासातून मिळाला. २०१२च्या हंगामात मेल्की काब्रेरा हा त्यांचा लेफ्ट फील्डर .३४६च्या सरासरीने खेळत होता. १५ ऑगस्टला टेस्टोस्टेरॉनसाठी त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. त्याच्या एका साथीदाराने तर त्याला वाचवायला एक खोटी वेबसाइट उभी केली होती. त्यावरून आणलेल्या क्रीममुळे हे झालं असं दाखवायचं होतं. (माझ्या व्यवसायाची आणि स्टेरॉइडची एवढी थेट भेट दुसरीकडे झालेली मला माहीत नाही.) शिक्षा संपल्यावरही जायंट्सने त्याला परत घेतलं नाही. नोव्हेंबरमध्ये टोरांटोने त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलर दिले. धंद्याचा हिशेब असा असतो.

पण रिकाम्या झालेल्या लेफ्ट फील्डमध्ये ग्रेगोर ब्लँको आला. व्हेनेझुएलाचा हा खेळाडू २०११चं आख्खं वर्ष मायनर लीगमध्ये होता आणि जायंट्सनी त्याला मायनर लीगच्याच करारावर उचललं होतं. त्या वर्षी जूनमध्ये मॅट केनच्या परफेक्ट गेममध्ये सातव्या इनिंगला ज्याने सूर मारून झेल घेतला, तोच हा. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजला काब्रेराच्या जागी तोच उभा होता आणि जायंट्सनी डेट्रॉइटला सलग चार सामने हरवलं.

आता बंदीची बातमी आली की मी पकडलेल्या खेळाडूबद्दलचे वाद वाचत बसत नाही. दुसऱ्या दिवशीचा संघ उघडतो आणि खालच्या लीगमधून कुणाला वर बोलावलंय ते बघतो. बहुतेक वेळा नाव अनोळखी असतं. त्याची पहिली बॅटिंग येईपर्यंत मी टीव्ही बंद करत नाही.