माऊस कुणाच्या हाती

शाळेतल्या संगणकाच्या खोलीला कुलूप असते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या पाहण्यात असेल. पुस्तकांच्या कपाटालाही ते असते; परंतु त्याची किल्ली मागितली तर सहसा मिळते. संगणकाच्या खोलीची किल्ली मात्र टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात असावयाची आणि ती काढताना शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना कळावयाचे, असा जणू शिरस्ताच पडून गेला आहे. मी याचा दोष कुणाला देत नाही. जी वस्तू जडसंग्रहाच्या वहीत चढली, ती हिशेबतपासणीच्या दिवशी तितकीच आणि तशीच भरली पाहिजे. मी स्वतः केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून. त्या वहीचा धाक काय असतो हे मला कुणी समजावून सांगायला नको. वापरलेली वस्तू बिघडते, न वापरलेली नोंदीप्रमाणे शाबूत राहते. संगणकाने मुलांना काय दिले याचा रकाना त्या वहीत नाही.

मी राहतो तो सर्जापूर रोड हा या विषयावर विचार करायला मोठा सोयीचा रस्ता आहे. कोरमंगलाच्या बाजूने निघून आगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र असा तो आनेकल तालुक्यातल्या सर्जापुरापर्यंत जातो. बंगळूर आणि मराठी माणूस यांचे नाते १६३८ साली शहाजीराजांना येथली जहागीर मिळाली तेव्हापासूनचे. पण त्यांची घोडी या वाटेने गेली असती तर आजच्या आमच्या बसपेक्षा खात्रीने लवकर पोचली असती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणकाच्या धंद्यातल्या कंपन्या आणि त्यांत काम करणारांचे उंच उंच इमले आहेत. त्या इमल्यांच्या मागे, मूळच्या खेड्यांतून, सरकारी कन्नड शाळा अजून उभ्या आहेत. इमले बांधणाऱ्यांची मुले त्यांत शिकतात. इमल्यांत राहणारांची मुले पिवळ्या बसमधून दुसरीकडे जातात. त्या दुसरीकडच्या शाळांत प्रत्येक वर्गात विजेचा फळा असतो, हे मला माझ्या घरमालकांच्या नातवाकडून नित्य ऐकावे लागते.

अशा एका सरकारी शाळेत मी गेले वर्षभर शनिवारी सकाळी जातो. केंद्राच्या कचेरीला शनिवारी सुटी, आणि येथल्या शाळा त्या दिवशी अर्धा वेळ भरतात. एवढ्या योगायोगावर माझे अध्यापन उभे आहे. एका कंपनीने वापरून झालेली दहा यंत्रे शाळेला दिली. त्यांपैकी सहा चालतात. सहावी-सातवीची मिळून चौतीस मुले आहेत. घरी कन्नड बोलणारी निम्मी असतील. उरलेल्यांत तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी, आणि एक मुलगी मराठी. तिची माणसे बीदरकडची, बांधकामावर आलेली. पहिल्या दिवशी मी मुख्याध्यापिकाबाईंना एका मराठमोळ्या उच्चाराच्या कन्नड वाक्याने नमस्कार केला, तेव्हा मागच्या रांगेतून हळूच प्रश्न आला, "सर, तुम्ही मराठी हाय का?"

चौतीसला सहाने भागले की एका यंत्राभोवती पाच-सहा डोकी येतात. हे गणित सोपे, पुढचे अवघड. पाच मुले एका यंत्राभोवती बसली म्हणजे पाचही शिकतात असे नाही. त्यांतला एक मध्यभागी बसतो आणि माऊस त्याच्या मुठीत जातो. हा बहुधा वयाने मोठा, अंगाने धीट आणि घरी बऱ्यापैकी मोबाइल असलेला मुलगा असतो. त्याच्या शेजारचे दोघे बोट दाखवून हुकूम सोडतात. मागे उभे असलेले प्रथम माना उंचावतात, मग आपसांत बोलू लागतात आणि शेवटी खिडकीबाहेरचा कुत्रा पाहतात. माझी बीदरची मुलगी पहिले तीन शनिवार कुत्र्याच्या पक्षात होती.

हे काही माझेच निरीक्षण नव्हे. आमच्या या रस्त्याशी ज्यांचा निकट संबंध आहे त्या अझीम प्रेमजी फाउंडेशनने या शतकाच्या आरंभी कर्नाटकाच्या सरकारी शाळांतून संगणकाच्या साहाय्याने शिकण्याची केंद्रे उघडली होती. पाठ्यक्रमावर बेतलेले खेळ तबकड्यांवर भरून मुलांपुढे ठेवीत. ती केंद्रे पाहायला गेलेल्या संशोधकांना एका पडद्यापुढे मुलांचा घोळका आणि एका हातात माऊस, हेच चित्र दिसले. मग बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतल्या मंडळींनी २००६ च्या सुमारास एक साधी युक्ती काढली: प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा माऊस आणि पडद्यावर त्याचा स्वतःच्या रंगाचा बाण. साध्या यंत्राला दोन माऊस जोडले तरी बाण एकच राहतो आणि दोघे तो दोन दिशांना ओढतात. म्हणून त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागली. इंग्रजी शब्द शिकवून त्यांनी परीक्षा घेतली. माऊस वाटून घेऊन एकाच यंत्रावर बसलेली मुले एकट्याने यंत्र वापरणाऱ्या मुलाच्या तोडीस येऊ शकतात, असे दिसले. मात्र खेळाला शर्यतीचे रूप आले की मुलगे विचार न करता भराभर कळ दाबीत सुटत. या प्रयोगाची वाखाणणी मी अशासाठी करतो, की त्यात यंत्र किती वेगवान हा प्रश्नच नव्हता; हात किती, हा होता.

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवीत, पुढे दगडी पाटी आली. पाटी फुटकी असो, पुसून पुसून पांढरी झालेली असो, ती प्रत्येक पोराची आपली होती. शिक्षणाच्या साधनांत पाटीनंतरची बहुतेक साधने एकाने चालवायची आणि बाकीच्यांनी पाहायची निघाली. सरकारने १९८४ साली संगणक-साक्षरतेची पहिली मोठी योजना आखली तेव्हा विलायतेहून बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे आणून सुमारे अडीचशे शाळांत ठेवली. पुढे 'दर मुलास एक' या ब्रीदाचा लहानसा हिरवा-पांढरा संगणक अमेरिकेत निघाला. आपल्या शिक्षण मंत्रालयाने २००६ साली तो घेण्याचे नाकारले. आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असे त्याचे म्हणणे. तरीही २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत त्याचा भारतातला पहिला प्रयोग झाला. वीस-बावीस पोरे, एक मास्तर आणि प्रत्येकाच्या मांडीवर यंत्र. ते चित्र मला मनापासून आवडते. तथापि वीस पोरांच्या वाडीतले चित्र लाखो शाळांच्या देशावर कसे पसरावयाचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

फाउंडेशननेही हा अनुभव मोकळेपणाने मांडला. त्याच्या धुरीणांपैकी अनुराग बेहर यांनी २०१० साली एका वृत्तपत्रात लिहिले, त्याचा मथितार्थ असा, की यंत्राच्या मोहाने खऱ्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होते, आणि यंत्र असता शिक्षकाची काय गरज, असे कुणी म्हणू लागले तर ते घातक आहे. ज्या रस्त्यावर संगणकाच्या जिवावर एवढे वैभव उभे राहिले, तेथूनच हे निघावे याचे मला विशेष वाटते. कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर, योजना राबविणाऱ्यानेच तिच्या मर्यादांची टिप्पणी फाइलवर चढवली. असे कागद फार थोड्या फाइलींत सापडतात.

माझ्या वर्गात मला नवी आज्ञावली आणता येत नव्हती, म्हणून एक जुनी रीत लावली. ज्याच्या हाती माऊस, त्याने बोलायचे नाही. बाकीच्यांनी पडद्याला बोट न लावता तोंडाने सांगायचे. दर पाच मिनिटांनी जागा बदलायची. पितळी थाळीवर टोला मी देतो. या रीतीने एक अनपेक्षित गोष्ट घडली: संगणकाचा तास भाषेचा झाला. सांगणाऱ्याला 'तिकडे', 'हे', 'ते' पुरेना. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हे शब्द अचूक लागू लागले, आणि तेही कन्नडात, कारण सर्वांना मिळून कळेल अशी भाषा तीच. कन्नडात वरला 'मेले' म्हणतात. पहिल्या दिवशी चारी बाजूंनी "मेले! मेले!" असा गजर उठला, तेव्हा माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. बीदरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. त्या खोलीत तो विनोद आम्हा दोघांनाच कळण्यासारखा होता. मेलेला माणूस आपल्याकडेही वरच जातो, ही व्युत्पत्ती मात्र मी स्वतःपाशी ठेवली.

दुसरी गोष्ट कळफलकाची. सरकारी नोकरीत आपल्यापैकी अनेकांना हिंदी टंकलेखनाचे प्रशिक्षण घ्यावे लागले असेल. ते ज्या इनस्क्रिप्ट कळफलकावर होते, तो भारतीय लिप्यांसाठी एकाच मांडणीचा आहे; १९९१ च्या भारतीय मानकात ती मांडणी दिलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. देवनागरीत जी कळ दाबून 'क' उमटतो, तीच दाबून कन्नडात कन्नडचा 'क' उमटतो. कन्नड अक्षरे मला आजही अडखळत वाचता येतात. परंतु माझ्या बोटांना ती लिहिता येतात. डोळे निरक्षर आणि बोटे साक्षर, अशी ही अवस्था मी पूर्वी कुठे पाहिली नव्हती. कळांवर छापलेली इंग्रजी अक्षरे मुलांना प्रथम घोटाळ्यात पाडतात. सी दाबले की 'म' का येतो, याचे पटण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नाही. मग मी त्यांच्याकडून के, सी, एन अशा तीन कळा दाबवून घेतल्या: 'कमल'. शब्द उमटला तशी सगळी खोली हसली. मराठी मुलीच्या यंत्रावर मी लिपी बदलून दिली आणि त्याच तीन कळा पुन्हा दाबायला सांगितल्या. शब्द तोच, अक्षरे तिच्या आजोळच्या पुस्तकातली. तिने ते चार वेळा करून पाहिले. एकदा हे, एकदा ते. त्यानंतर ती कुत्र्याकडे गेल्याचे मला आठवत नाही. डी कळीने अक्षराचा पाय मोडतो, आणि कन्नडात पाय मोडल्यावर दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली जाऊन बसते, हे इतर मुलांना दाखवायला पुढे तीच उठू लागली.

यावरून मला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची आठवण होते. तेथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यांतून ध्वनी आणि चित्रे पोराटोरांपर्यंत पोचवली. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती पद्धत पुस्तकांत सर्वत्र आणली, आणि २०२० साली त्यांना जगातल्या उत्तम शिक्षकाचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यांतले अर्धे त्यांनी इतर स्पर्धकांना वाटून टाकले. वर्तमानपत्रांनी कोडाचे कौतुक भरपूर केले. माझ्या लेखी मोठी गोष्ट त्या आधीची आहे. त्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, पुस्तके त्यांच्या भाषेत नव्हती; तेव्हा या मास्तरांनी आधी कन्नड शिकून घेतली. कोड नंतर आला. तो आधी आला असता तर पोरींना न कळणारा धडा अधिक स्पष्ट आवाजात ऐकू आला असता, इतकेच.

करोनाच्या वर्षी येथल्या शिक्षकांना हेच दुसऱ्या बाजूने पाहावे लागले. ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकाने 'विद्यागम' योजना काढली. तीत मुलांची विभागणी घरी स्मार्टफोन असलेली, साधा फोन असलेली आणि मुळीच फोन नसलेली अशी करून शिक्षक देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली जाऊन शिकवीत. माझ्या शाळेतल्या एक बाई सांगतात, की शेवटच्या गटातल्या पोरांची नावे त्यांना आजही पाठ आहेत. पहिल्या गटातली विसरली.

दिवाळीनंतर बीदरच्या मुलीच्या बापाचे काम संपले. इमारत पुरी झाली, माणसे वर्तूरच्या पलीकडे दुसऱ्या पायावर गेली. ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तो शनिवार होता. तिच्या नव्या शाळेत संगणक आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. एक कागद पुढे करून तिने कळफलक मागितला, म्हणजे त्याचे चित्र. मी काढून दिले. कळांवर एकीकडे कन्नड, एकीकडे मराठी. कन्नड अक्षरांत मी दोन ठिकाणी अडलो, ती तिने भरली.

बदल्यांची यादी आता माझीही लागेल. आपल्या जातीच्या माणसाने चालवलेल्या वर्गाचे आयुष्य त्याच्या बदलीच्या हुकमापर्यंतच असते. म्हणून गेल्या दोन महिन्यांपासून मी मुलांइतकाच वेळ त्या विद्यागमवाल्या बाईंबरोबर घालवतो. त्या पन्नाशीच्या आहेत, आणि प्रथम यंत्राकडे पाहुण्यांच्या कुत्र्याकडे पाहावे तशा पाहत होत्या. आता पाचवीचा धडा त्या स्वतः टंकतात, माऊस पोरांच्या हाती देतात आणि थाळीवर टोला त्याच देतात. परवा अर्ध्या ओळीवर थांबून त्यांनी विचारले, "सर, ळ एल्लिदे?" ळ कुठे आहे? हा प्रश्न हिंदीच्या वर्गात मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितले, शिफ्ट धरून एन.